बाबांची खोटी पट्टी

तिनं सात मीटर पडद्याचं कापड बादलीत बुडवलं, वर पाट ठेवला आणि पाटावर दगड.

•

भूमितीच्या जुन्या वहीत, पंधरा सेंटिमीटरच्या रेषेखाली, लाल शाईत : दीड मिलिमीटर जास्त. पट्टी कुणाची?

•

वर्तमानपत्रावर बिडाचे दोन तुकडे. जोडून धरले की मधे बोटभर जागा रिकामी राहायची. तिसरा तुकडा कुणालाच सापडला नव्हता.

•

"बुटके, शनिवारी दहाला भंगारवाल्याचा टेम्पो येतोय. आत्ताच सांगतो, मागून रडायचं नाही."

•

दादा फोनवर असाच बोलायचा. तिला चाळीस उलटून गेली तरी तिचं नाव बुटकीच राहिलं होतं.

बाबांच्या मागे त्यांची कामाची खोली दादाकडे आली आणि खोलीतली करवत तिच्याकडे. माणसाहून उंच करवत : वर एक चाक, खाली एक चाक, आणि दोन्हींवरून फिरणारा दातेरी पट्टा. दादाला तिथं फ्रिजदुरुस्तीचं दुकान थाटायचं होतं. चार माणसं लावून त्यानं करवत भिंतीकडे सरकवायला घेतली, दोर सुटला, आणि वरच्या चाकाचा आधार फरशीवर पडून फुटला.

"सुंठीवाचून खोकला गेला," दादा म्हणाला. पण म्हणताना तो तुकड्यांकडे बघत नव्हता.

"मी करते दुरुस्त."

"तू? पडदे शिवणारी?"

"शनिवारपर्यंत. चालली तर इथंच राहील. नाही चालली तर दे भंगारात."

बाबा ओतकामाचे लाकडी नमुने करायचे. जी वस्तू बिडात हवी ती आधी लाकडात घडवायची. ओतारी तो नमुना वाळूत दाबून साचा करतो आणि साच्यात वितळलेलं बीड ओततो. लहानपणी ती याच खोलीत भुशात बसून हे बघायची. त्यामुळे काम अवघड वाटलं नाही. दोन तुकडे मांडून हरवलेल्या तिसऱ्याचा अंदाज बांधला, सागाचा नमुना केला, प्रत्येक माप दोनदा घेतलं. खणात पट्ट्या दोन होत्या. एक तिनं आणलेली, नवी कोरी. दुसरी बाबांची, पोलादी, कडा हातानं गुळगुळीत झालेल्या. त्या दुसरीला घरात कुणी हात लावत नसे. तिला शाळेत लाल शेरा मिळाला त्या दिवशी बाबा एवढंच म्हणाले होते, "शाळेत ही चालायची नाही." तेव्हापासून त्या पट्टीचं नाव खोटी पट्टी पडलं, आणि बाबांनी ते पडू दिलं.

मंगळवारी ओतीव आधार आला. तिनं तो करवतीच्या दोन गालांमधे, म्हणजे त्याला धरणाऱ्या दोन्ही बाजूंमधे, बसवला, आणि तो खुळखुळला. तीन मिलिमीटर. तिनं पत्र्याची पाचर मारली, बटण दाबलं. चाक दारुड्यासारखं डुललं आणि पट्टा फडफडत खाली उतरला.

दारात उभा असलेला दादा पोट धरून हसला.

"अगं, पडद्याला चुण्या घालतात तशा घाल की दोन!"

आधार पिशवीत घालून ती तशीच भट्टीवर गेली.

ओतारी म्हातारा होता. त्यानं आधार हातात फिरवला, मग नमुना, मग तिच्याकडे बघितलं.

"ताई, पट्टी कुठली लावली?"

"नवी. एकदम बरोबर आहे."

"तिथंच घात झाला. बाबांची कुठाय?"

"ती खोटी आहे."

ओतारी हसला नाही. त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला.

"त्या पट्टीवर आमची भट्टी तीस वर्षं चालली. अहो, बीड निवताना आटतं. शंभराला एक. म्हणून नमुना तेवढा मोठा लागतो. दर खेपेला गणित कोण करत बसणार? मग पट्टीच शंभरावर एक लांब करून घ्यायची. आमच्यात सगळ्यांकडे असायची."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. बोटांना पडद्याचा निळा रंग लागला होता.

"मी कापड भिजवून आटवल्याशिवाय कात्री लावत नाही," ती म्हणाली. "एकदाही नाही."

"मग तुम्हाला काय शिकवायचं? नवा नमुना आणा. आणि कानस मारायला थोडं जास्त ठेवा, नाहीतर माझ्या नावानं शंख कराल."

घरी येऊन तिनं दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. सुरुवात एक, आणि पुढे हळूहळू फट वाढत गेलेली. बराच वेळ ती नखानं एकेक रेघ मोजत होती. मग तिला दाराच्या चौकटीवरच्या खुणा आठवल्या. तिनं दादाला फोन लावला.

"बाबा आपली उंची कशानं मोजायचे रे?"

"त्या खोट्या पट्टीनं. का?"

"म्हणजे मी तेवढी बुटकी नाही. दीड सेंटिमीटरनं तरी."



"मग मीही उंच झालो की," दादा म्हणाला. "तू बुटकी ती बुटकीच."

दुसरा आधार शुक्रवारी संध्याकाळी मिळाला. शनिवारी उजाडल्यापासून ती कानस मारत होती. या वेळी आधार गालांमधे शिरत नव्हता. केसभर घासायचं, लावून बघायचं, काढायचं, पुन्हा घासायचं. नऊ वाजता दादा आला आणि स्टुलावर बसला. दहा वाजले. अजून नखाएवढं घासायचं होतं. रस्त्यावर गाडी वाजली की तिचा हात थांबायचा.

"आला का रे?"

"येईल. ट्रॅफिक असेल. तू तुझं कर."

अकरा वाजले, साडेबारा झाले. दादानं चहा आणला. तिनं पुन्हा विचारलं.

"येईल म्हटलं ना. टेम्पोवाल्यांचं काही खरं नसतं."

दोनच्या सुमारास आधार गच्च बसला, कसलाही आवाज न करता. तिनं चाक चढवलं, पट्टा ताणला, हातानं दोन फेरे फिरवून बघितले. दादा स्टुलावरून उठला आणि न सांगता बटणापाशी जाऊन उभा राहिला.

"दाबू?"

तिनं मान हलवली. चाक फिरलं. पट्टा सरळ रेषेत धावत राहिला आणि खोलीभर बारीक, एकसारखी घरघर भरली. तिनं सागाची फळी पुढे सरकवली.

टेम्पोवाल्याला दादानं मंगळवारीच नको म्हणून सांगितलं होतं, पिशवी घेऊन ती भट्टीकडे वळली त्यानंतर पाच मिनिटांत.