पंधरा भोकांचा मानकरी

मी टार्गेट बोलतोय. महिनाअखेरीला सेल्समनची झोप उडवणारं नव्हे, नेमबाजीचं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कमरेपर्यंतचा कागदी माणूस आहे मी. छातीवर रिंगणं आहेत, चेहऱ्यावर भाव नाहीत. एखाद्या समितीत बसवलं तर सहज खपून जाईन.

माझा जन्म शहागंजातल्या एका छापखान्यात झाला. माझ्या आधी तिथं लग्नपत्रिका निघाल्या, माझ्यानंतर कुणाच्या तरी वाढदिवसाची पोस्टर्स. तिथून मी हर्सूलच्या पुढच्या एका खाजगी पिस्तूल क्लबात आलो.

इथं चालता चालता नेम साधायला शिकवतात. उभं राहून मारणं त्यामानानं सोपं. पाऊल पडलं की अंग हलतं, अंग हललं की नळी हलते आणि गोळी भलतीकडेच जाते. म्हणून प्रशिक्षक बिल्किस मॅडम काठोकाठ भरलेला पेला हातात देऊन चालवतात. गुडघे जरा वाकवून, आधी टाच, मग चवडा.

"पानी सांडलं तर गोळी पन सांडली समज," म्हणतात.

राजनंदिनी दोन वर्षं पेला घेऊन चालत होती. राज्य स्पर्धेला क्लबातून एकच जण जाणार होता. तिथं पदक मिळालं, तर खेळाडूंच्या कोट्यातून तिला नोकरीची आशा होती. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष.

निवड चाचणीत तिनं दहापैकी आठ गोळ्या बसवल्या. शेजारच्या टार्गेटचा मला भारी हेवा वाटला.

मग माझ्यासमोर क्लबाचे अध्यक्ष नानासाहेब आले. गाडीतून उतरून रेषेपर्यंत येतानाच त्यांना धाप लागली. ते मिरवणुकीतलं चालणं चालतात, डावा हात लोकांना दाखवायला मोकळा. पहिली गोळी मातीच्या बांधात, दुसरी बाभळीत, चौथी तर बांधाजवळच्या माठात. दहापैकी एकही मला लागली नाही.

टार्गेटं गोळा करायचं काम कय्युमचं. सगळे चहाला गेल्यावर त्यानं मला शेडमध्ये नेलं, कानावरची पेन्सिल काढली आणि सहा भोकं पाडली. "माफ कर भाई, नोकरी का सवाल है," हळूच म्हणाला. मला त्याचा राग आला नाही.

तो गेला आणि नानासाहेबांचा खास कार्यकर्ता इंद्रजीत आत आला. त्यानं भोकं पाहिली. त्याला वाटलं, साहेबांनी खरंच सहा मारल्या. पण साहेब एका पोरीच्या मागं राहिलेले कसे चालतील? त्यानं बॉलपेननं आणखी नऊ पाडली. आठाच्या पुढं जायला तीन पुरली असती, पण निष्ठा कुणी मोजून दाखवतं का?

बिल्किस मॅडमनी मोजलं. "गोळ्या दहा आन् भोकं पंधरा?"

"साहेबांचा हातच तसा हाय, मॅडम," इंद्रजीत म्हणाला. "एकेक गोळी लई काम करती."

निवड समितीनं टाळ्या वाजवल्या.

"ये पेन्सिल का है! दिसत नाय का तुमाला?" मॅडम कडाडल्या.

नानासाहेब उदारपणे हसले. "जाऊ द्या मॅडम. जास्तीची पाच आमच्याकडून क्लबाला भेट." आणि त्यांचंच नाव ठरलं.

राजनंदिनीचे डोळे भरले होते, पण आवाज नव्हता हलला. "नानासाहेब, तुमी जा. फक्त तिथं पेन्सिल नेऊ देतात का, तेवढं आधी इचारून घ्या."

नानासाहेब गेलेच नाहीत. ऐन वेळी गुडघा दुखला. क्लबाची जागा रिकामी राहिली आणि राजनंदिनीचं वय उलटलं. त्या अन्यायाची आठवण झाली की आजही माझा कागद तापतो.

आता मी क्लबाच्या ऑफिसात काचेच्या फ्रेममध्ये आहे. गळ्यात हार आहे. पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. खिडकीतून मैदान दिसतं. राजनंदिनी अजून रोज सकाळी येते. कुणी बघत नसलं तरी चालते आणि नेमकं मारते.

वाचकहो, कधी इकडं आलात तर एवढं करा. काच फोडा, हार काढा आणि मला तिच्यासमोर नेऊन उभं करा. पंधरा भोकांचा मानकरी आहे मी, पण गोळी कशी लागते ते मला अजून माहीत नाही.