वाटेवरचा बांधलेला गोटा

धाकटा भाऊ शुगो दुपारी चारला गाडी घेऊन येणार होता. त्याआधी वडिलांना त्यांची बाग एकदा दाखवून आणावी, म्हणून मिसाओ सकाळी आठलाच त्यांना घेऊन घराबाहेर पडली. क्योतोत जुलै संपत आला होता. एवढ्या सकाळीही पाठीवरून घाम ओघळत होता.

वडील, तोकुशिची, त्र्याऐंशी वर्षांचे. मंदिराच्या बागेत त्यांनी बेचाळीस वर्षं माळीकाम केलं. गेल्या हिवाळ्यापासून ते घरची वाट विसरू लागले. दोनदा पोलिसांनी आणून सोडलं. शुगोने वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी जागा मिळवली. मिसाओ हो म्हणाली खरी, पण मन घेत नव्हतं. बागेत त्यांना सगळं नीट आठवलं, तर शुगोला रिकाम्या गाडीने परत पाठवायचं, असं तिने कुणाला न सांगता ठरवलं होतं.

गल्लीत लाकडी जाळ्यांच्या घरांपुढे पाण्याचा सडा पडला होता. शेजारच्या ओत्सुरूबाई हातात पळी घेऊन उभ्या होत्या. सकाळी सकाळी कुठे, असं त्यांनी विचारलं.

"कामावर," तोकुशिची म्हणाले. "उशीर झालाय. हिचं आवरतच नाही लवकर."

ओत्सुरूबाईंनी मिसाओकडे पाहिलं आणि त्या पुन्हा पाणी शिंपडू लागल्या.

मंदिराच्या आवारात शिरताच तोकुशिचींची चाल बदलली. कुठल्या पाइनला कोणत्या वादळानंतर टेकू दिला, हे त्यांनी न अडखळता सांगितलं. एका जागी शेवाळ पिवळं पडलं होतं. तिथे ते वाकले.

"भर दुपारी पाणी घालतात लेकाचे. शिजवून काढलंय."

मिसाओला हसू आलं. कित्येक दिवसांत तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

पुढे वाटेला दोन फाटे फुटत होते. तळ्याकडच्या फाट्यावर, पहिल्याच फरशीवर, मुठीएवढा गोटा ठेवलेला होता. काळ्या काथ्याच्या दोरीने आडवा-उभा बांधलेला, वर उचलायला फास. इथून पुढे जायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाटी नाही, कुंपण नाही. लहानपणी तो ओलांडला म्हणून वडिलांनी शुगोला एकदा रात्रीचं जेवण दिलं नव्हतं.

तोकुशिचींनी गोटा ओलांडला आणि ते चालू लागले.

"बाबा, वाट बंद आहे."

"मला?" त्यांनी मागे पाहिलं नाही. "मीच ठेवलाय तो."

माळ्याला कसली बंदी, असं तिला क्षणभर वाटलं. पण ते हत्यारांची कोठी शोधत होते, आणि कोठी पाडून दहा वर्षं झाली होती. ते तळ्याच्या काठाकाठाने सरकत होते. मिसाओ गोट्यापाशीच उभी. तिचा पाय उचलेना. त्यांचा बूट पाण्यात गेला, तेव्हा कुठे ती ओलांडून धावली.

घरी आल्यावर तिने त्यांची बॅग भरली. ते अंगणात काहीतरी खुडबुड करत बसले होते. तिने तिकडे पाहायचं टाळलं.

चारला शुगो आला आणि दाराबाहेरच थांबला. उंबऱ्याच्या मधोमध तसाच दोरीने बांधलेला गोटा ठेवलेला होता.

"ताई, काढ ना तो."

"ओलांडून ये की."

पन्नाशीचा माणूस, घामाने निथळत, गोट्याच्या वीतभर मागे उभा राहिला. पुढे आला नाही.

मिसाओने वाकून फास धरला. दोरी हातात आली, गोटा जागेवरच राहिला. गाठ नव्हतीच, नुसते वेढे होते. वडिलांची गाठ सुटलेली दोघांनीही आजवर पाहिली नव्हती.

"बघितलंस ना?" शुगो हळू आवाजात म्हणाला.

ती पायरीवर बसली. नवव्या वर्षी वडिलांनी शिकवलं होतं तसं तिने दोरी गोट्याखालून घेतली, आडवी टाकली, वळवली, घट्ट ओढली. फास ताणून पाहिला. मग गोटा होता तिथेच ठेवला.

कोण आलंय, असं वडिलांनी आतून विचारलं.

"शुगो आलाय, बाबा," ती म्हणाली. "निघालाय परत."

पायरीवर वडिलांचा बूट वाळत ठेवला होता. दिवसभराच्या उन्हानंतरही तो आतून ओलाच होता.