रस आटेपर्यंत

"त्याला काही विचारू नकोस फर्न, तो सगळ्यालाच हो म्हणतो," ओडेट म्हणाली. पण तिच्या नवऱ्याने, आर्मंडने, ऐकलं होतंच.

"मीच शेगडी बंद केली असणार," खिडकीशी बसलेला तो म्हणाला. "माफ कर हं पोरी, एवढ्या चिखलातून यावं लागलं तुला."

व्हरमाँटमध्ये मार्च म्हणजे नुसता चिखल. गाडी खालीच सोडून, हत्यारांची पेटी घेऊन चढण चढताना मी या दोघा म्हाताऱ्यांना मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या होत्या. पण त्याने असं माफ कर म्हटल्यावर राग तरी कुणावर काढायचा! ज्याच्या साखरघरात मेपलच्या झाडांचा रस आटायचा आणि त्याचा गरम पाक चाटत आमचं अख्खं गाव मोठं झालं, तो माणूस आज स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरासारखा बसला होता.

तक्रार साधी होती. विजेची, वर सपाट काच असलेली शेगडी मध्येच बंद पडायची. ओडेट रस उकळायला ठेवून कोंबड्यांना दाणे टाकायला जायची आणि परत येऊन बघते तो शेगडी बंद. दुकानाचा माणूस येऊन गेला. त्याने चुलींखालचे तापमानाचे सेन्सर मोजले, ठणठणीत आहेत म्हणाला, आणि निघताना हळूच विचारलं, घरात कुणी विसरभोळं आहे का? आता आर्मंड विसरतो हे खरंच. साखरघर विकलं तेही त्यापायीच. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी!

"जोसी शनिवारी येऊन त्याला घेऊन जाणार," ओडेट आवाज खाली आणून म्हणाली. जोसी त्यांची लेक. "बर्लिंग्टनला म्हाताऱ्यांसाठी जागा बघून ठेवलीय तिने. आज शेगडी बंद करतात, उद्या चालू ठेवून विसरतील, घर पेटवतील म्हणते. काय सांगू मी तिला?"

"तुम्ही कधी बघितलंत त्यांना बंद करताना?"

"बघायला कशाला हवं? तो स्वतःच कबूल करतो ना!"

"कबूल काय, ते अख्खा हिवाळासुद्धा स्वतःच्या अंगावर घेतील," मी म्हटलं. "थंड शेगडीतला सेन्सर फार साळसूद असतो. तापल्यावर त्याचे गुण कळतात. नेहमी ठेवता तसं भांडं ठेवा बघू."

तिने भांडं आणलं आणि मी कपाळाला हात लावला. साखरघरातलं पसरट पात्र, दोन चुलींवर आडवं बसणारं!

"अहो, हे घरातल्या शेगडीवर? खालची सगळी आच कोंडून राहते की!"

"त्याला आता डोंगर चढून साखरघरापर्यंत जाववत नाही," ओडेट म्हणाली. "आणि रस उकळल्याचा वास आला नाही, तर मार्च आला हेच त्याला कळत नाही."

मी स्वतःच पात्र दोन चुलींवर चढवलं आणि शेगडी लावली.

मग आम्ही बसून राहिलो. खिडक्यांवर वाफ धरली. ओडेटने ताटलीत बर्फ आणून त्यावर आधीचा पाक ओतला, इथल्या रिवाजाप्रमाणे सोबत आंबट काकडी आणि डोनट. आर्मंड मन लावून खात होता. मध्येच मान वर न करता म्हणाला, "आवाज बदलला. उतू जाईल, लोणी टाक." ओडेट धावली. फेस खरंच काठाला आला होता. लोण्याचा गोळा पडताच तो मुकाट खाली बसला.

त्यानंतर थोड्याच वेळात शेगडी टुक टुक वाजली, तिच्या आकड्यांच्या पाटीवर बिघाडाची खूण उमटली आणि खालची लाली विझली. आर्मंड खिडकीशी होता, हातात अर्धी काकडी.

"माफ कर ओडेट, मीच—"

"गप्प बस!" ती जवळजवळ किंचाळली. "जागचा हललासुद्धा नाहीस तू!"

मी मेन स्विच बंद केला, पात्र उतरवलं आणि काच निवल्यावर उचलली. डाव्या चुलीचा सेन्सर मीटरवर एकच आकडा धरून होता. उजव्या चुलीचा, तार जराशी हलवली की वेड्यासारख्या उड्या मारत होता. कोंडलेल्या आचेने तारेचं तोंड करपून ठिसूळ झालं होतं. थंडपणी जोडलेलं असायचं, तापलं की सुटायचं. ओडेटला मी ते बोट लावून दाखवलं. नवा सेन्सर खाली गाडीत होताच, तो आणून बसवला.

"हे पात्र परत इथे ठेवलंत तर हाही जाईल," मी दम दिला. "अंगणात खिडकीखाली गॅसची शेगडी लावा. वास येईल आत."

तिने जोसीला फोन लावला. "शनिवारी ये, पण जेवायला," एवढंच बोलली आणि ठेवला.

मग ती आर्मंडसमोर खुर्ची ओढून बसली. त्याचे दोन्ही हात तिने हातांत घेतले. मला उगाच आत कडमडल्यासारखं झालं, मी पेटी आवरू लागले.

"मी तुला बोल लावत होते रे," ती म्हणाली. "रोज. तू काहीसुद्धा केलं नव्हतंस. माझं चुकलं."

तो तिच्याकडे मायेने बघत राहिला. "कशाबद्दल म्हणतेस?"

"शेगडी. बंद पडायची ती."

"अस्सं होय," तिचा हात थोपटत तो म्हणाला. "मीच बंद केली असेन. माफ कर हं."

ओडेटने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने एप्रनच्या टोकाने त्याच्या हनुवटीवरचा पाक पुसला.

"केलं हं माफ," ती म्हणाली.