केल्प नसलेला खडक

दोन मैलांवरून आयरिसनं केलेल्या जाळाचा धूर दिसला आणि होडीत वाद सुरू झाला.

धूर चुकीच्या जागी होता. अगम्य नावाच्या या निर्जन बेटाच्या पूर्व बाजूला उतरण्याजोगी एकच खाच आहे. तिच्यासमोर, धबधब्याच्या पायथ्याशी जाळ करून होडीला जागा दाखवायची, हा आमच्या आजोबांपासूनचा रिवाज. आयरिसनं जाळ तीनशे पावलं दक्षिणेला केला होता. तिथं नुसते गोटे.

"तीन आठवडे पक्षी मोजून पोरीचं डोकं फिरलंय," नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, लार्स म्हणाला.

"मामावर गेलं नाही तेवढं नशीब," सुकाणूवरचा बेसिल म्हणाला. आयरिस त्याची मुलगी, लार्स त्याचा मेव्हणा. वल्ह्यांवर आम्ही सहा जण.

वारा ईशान्येला सरकत होता. दुपारनंतर ही बाजू उतरायला बंद होणार, आणि पुन्हा कधी उघडेल याचा नेम नाही. दोन आठवडेही जातात. आयरिस आणि तिच्या जोडीदारिणीकडे शिधा फार तर चार दिवसांचा उरला होता. आमची होडी सांगाड्यावर ताणलेल्या कॅनव्हासची. उचलायला हलकी, खडकाला लागली तर कागद.

खाच समोर आली. दोन्ही बाजूंना केल्प, म्हणजे दोरासारखं लांब समुद्रशेवाळ, डोलत होतं. मधलं पाणी स्वच्छ.

"बघा की दाजी, रस्ता मोकळा आहे," लार्स म्हणाला. "केल्प तिथं खडक. केल्प नाही तिथं पाणी. हे मी तुम्हाला शिकवायचं?"

बेसिल पाण्याकडे बघतच नव्हता. त्याची नजर वर कड्यावर होती. हजार फूट उंचीचा कडा नेच्यांनी हिरवागार. खाचेच्या बरोबर वर मात्र एक पट्टा सोलल्यासारखा तांबडा.

"हा मागच्या फेरीला होता का रे?" त्यानं मला विचारलं.

"नव्हता."

"मग तिथला डोंगर कुठं गेला?"

सगळ्यांच्या नजरा कड्यावरून खाली खाचेतल्या पाण्याकडे वळल्या.

"आत्ता पडलेल्या दगडावर केल्प कुठून उगवणार, लार्स?"

"आणि गोट्यांवर होडी फुटली तर?"

"जागा बघितल्याशिवाय ती जाळ करणार नाही. धुराकडे चला."

तीन मोठ्या लाटा जाऊ दिल्या आणि चौथीच्या पाठीवर आत शिरलो. आयरिस कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिनं नाळ धरली आणि पहिलं वाक्य बोलली, "मामा, खाचेकडं हात करून काय सांगत होतास? दुर्बिणीतून दिसत होतं मला."

"गप बस आणि सामान आण."

कडा मंगळवारी कोसळला होता. पाव तासात दोघींना आणि त्यांच्या पेट्यांना घेऊन बाहेर पडलो. तेवढ्यात लाट खाली बसली आणि खाचेच्या मधोमध खडकाची एक तांबूस पाठ वर आली, घराएवढी, बोडकी. दुसऱ्याच क्षणी तिच्यावर समुद्र फुटला.



आमच्याकडे जागांना नावं घडलेल्या गोष्टींवरून पडतात. या खडकाचं नाव आयरिसनं होडीतच ठेवलं आणि शनिवारपर्यंत ते सगळ्या वस्तीच्या तोंडी होतं. पुढच्या वर्षी नकाशाची मोजणी करणारं जहाज आलं. त्यावरच्या अधिकाऱ्यानं विचारलं, या नव्या खडकाला काय म्हणता?

"लिहून घ्या," लार्स म्हणाला. "लार्सला-जायचं-होतं-तिथं."