एकवचनी पायरी

फोनवर मावशीने एकच प्रश्न विचारला होता, "दाराशी पायऱ्या आहेत का?" आणि हॉटेलच्या मॅनेजरने छातीठोकपणे सांगितलं होतं, "पायऱ्या? अजिबात नाहीत!"

म्हणून तर ती चाकाच्या खुर्चीवरून निघाली. पहिल्या बसचा ड्रायव्हर "मागची रिकामी येतेय" म्हणून सटकला. दुसऱ्या बसला रॅम्प होता, पण तो उघडायचा हूक डेपोत राहिला होता. तिसरीच्या कंडक्टरने रॅम्प पाडला, तोही "जरा लवकर, लोकांना उशीर होतोय" असं ऐकवत. जणू मावशीलाच थांब्यावर ऊन खात बसायची हौस!

आणि आता हॉटेलच्या दारात वीतभर उंचीची दगडी पायरी ठाण मांडून बसली होती.

"तुम्ही तर नाहीत म्हणालात!" तिची भाची मॅनेजरवर उखडली.

"पायऱ्या नाहीतच ना, ताई. ही एकच तर आहे."

मावशीने कपाळाला हात लावला. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासताना तिने लोकांच्या वचनांच्या चुका काढल्या, आणि स्वतः प्रश्न अनेकवचनात विचारून फसली.

"दोन वेटर बोलावतो. अलगद उचलून आत."

"मला कुणी उचलायचं नाही."

भाचीच्याच लग्नात चौघांनी मावशीला खुर्चीसकट हॉलमध्ये नेलं होतं. व्हिडिओत ती घर बदलताना हलवलेल्या कपाटासारखी दिसते. पुन्हा नाही, असं मावशीने तेव्हाच ठरवलं. पण भाची उद्या दोन वर्षांसाठी परदेशी निघणार होती. आजचं जेवण हुकलं की हुकलं.

"मावशी, एकदाच. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठीच तर तीन बसची मिजास सोसली गं. पण तुला निरोप द्यायला मी येणार, माझं गाठोडं नाही."

दाराशी काळा फळा होता. त्यावर खडूने लिहिलं होतं, 'सर्वांचे स्वागत आहे.' मावशीने खुर्ची पुढे घेतली, कडेचा खडू उचलला, 'सर्वांचे'च्या आधी गळलेल्या शब्दाची खूण केली आणि वर लिहिलं, 'पायरी चढणाऱ्या'.

"अहो, हे काय?"

"मजकूर गाळला होतात. आता वाक्य बरोबर आहे."

मागे थांबलेली माणसं हसली. मॅनेजर लालबुंद झाला. "जुनी इमारत आहे, मॅडम. माझ्या हातात काय आहे?"

तेवढ्यात शेजारच्या बोळातून एकाने गॅसचा सिलिंडर ट्रॉलीवरून आणला. स्वयंपाकघराच्या दाराशी फळी टाकलेली होती. ट्रॉली सुरळीत आत गेली.

"त्याला नाही कुणी अलगद उचलत?" मावशीने विचारलं.

"छे हो, केवढा जड असतो! म्हणून तर फळी..." मॅनेजरची जीभ तिथेच अडखळली.

फळी आली. तेलकट, एका बाजूने उललेली. वेटरांनी फक्त ती धरली. मावशीने स्वतःच चाकं रेटली. एकदा मागे घसरली, पुटपुटली, आणि दुसऱ्या दमात आत पोचली.

दोघी टेबलाशी बसतात न बसतात तोच हॉटेलचा फोन वाजला.

"पायऱ्या? अजिबात ना..." मॅनेजरने मावशीकडे पाहिलं. खडू अजून तिच्या हातात होता. "एक आहे," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "फळी लावतो."

"मावशी, खडू तरी परत दे आता."

"थांब गं. बाथरूमचं दार बघायचंय अजून."