नांगरणीतलं मोकळं कोंडाळं

जळगाव जामोदजवळच्या त्या गावात बदली होऊन आल्यापासून सारिका मॅडमनी एक पायंडा पाडला होता. शनिवारी सकाळी पुस्तकं मिटायची आणि सहावीची बावीस पोरं घेऊन शिवारात जायचं. शाळा समितीचे अध्यक्ष रामराव यांना ते पटत नव्हतं. पोरं शिकायला पाठवतो, हिंडायला नाही, असं त्यांनी दोनदा ऐकवलं होतं. मॅडमनी दोन्ही वेळा शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा वाट धरली.

मार्चमध्ये कापूस उपटून रिकाम्या झालेल्या एका वावरात त्यांच्यातल्या अपेक्षाला टिटवीची अंडी सापडली. मातीतल्या खळग्यात चार, ढेकळांच्याच रंगाची. ते वावर रामरावांचं होतं. त्यानंतर पोरं दर शनिवारी लांब बांधावर बसून पक्ष्यांच्या अंडी उबवायच्या पाळ्या वहीत टिपू लागली.

तिसऱ्या शनिवारी वावरात ट्रॅक्टर उभा होता. नांगरणी सुरू झाली होती आणि रामराव जातीनं हजर होते. पोरांचे चेहरे उतरले. मॅडमना वाटलं, आपण पुढं होऊन विनंती करावी. पण अंडी अपेक्षाला सापडली होती, वहीही तिचीच होती. त्यांनी तिलाच पुढं केलं.

अपेक्षानं न अडखळता सगळं सांगितलं. रामराव तिच्यामागून चालत आले, थांबले, इकडंतिकडं पाहू लागले. डोक्यावर टिटव्यांनी नुसता कालवा मांडला होता.

"कुठी हायेत अंडे? मले तं काहीच दिसून नाही राह्यलं."

"आबा, पाय हालवू नका," अपेक्षा म्हणाली. "तुमच्या डाव्या जोड्याजवळ पाहा. एक वीत."

रामराव वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग पाऊल जपून मागं घेतलं.

"साठ वर्सं झाले हे वावर तुडवून राह्यलो," ते मॅडमकडं वळून म्हणाले, "अन् हे मले आज दिसलं."

रामरावांनी चार काड्या रोवून ड्रायव्हरला बजावलं की एवढी जागा सोडून नांगर फिरव. दुपारपर्यंत काळ्याभोर वावरात खाटेएवढं एक कोंडाळं तेवढं तसंच राहिलं. थोड्या वेळानं टिटवी त्यात परत येऊन बसली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीन पिल्लं बाहेर पडली. बांधावर पोरांच्या रांगेत रामरावही बसले होते आणि मॅडमनी आणलेल्या दुर्बिणीसाठी आपली पाळी यायची वाट पाहत होते. चौथं अंडं फुटलंच नाही. ते काऊन, असं अपेक्षानं विचारलं. आपल्याला माहीत नाही, मॅडमनी सरळ सांगितलं, आणि तो प्रश्न तिला वहीत लिहून ठेवायला लावला.