पन्नास किलो

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी रांगायला लागली, त्या वर्षी मेहुण्याला मोठ्या शर्यतीत घोडी मिळाली. मिळाली म्हणजे दुसऱ्या कुणाला नको होती म्हणून मिळाली.

घोडीचं दाणापाणी, खरारा, मालिश, सगळं माझ्याकडे होतं. त्या तबेल्यात मी अकरा वर्षं मोतद्दार होतो. मेहुणा तिथेच जॉकी. मीच त्याला घरी नेऊन बहिणीसमोर बसवलं होतं, त्यामुळे त्याच्या बऱ्यावाईटाचं थोडं ओझं माझ्याही डोक्यावर होतं.

आमचा ट्रेनर म्हणायचा, पळतं ते घोडं, वरचा माणूस नुसता बसतो. पैसे लावणाऱ्यांचं याच्या बरोबर उलट. त्यांना घोड्याचं नावही ठाऊक नसायचं. "वर कोण आहे?" एवढंच विचारायचे. त्या वेळी एक जॉकी फार गाजत होता. कायम कडक इस्त्रीत असायचा, म्हणून सगळे त्याला नवरदेव म्हणत. नवरदेव गाढवावर बसला असता तरी लोकांनी गाढवावर पैसे लावले असते.

आमच्या घोडीवर तो तीनदा बसला. तिन्ही वेळा लोक तिच्यावर तुटून पडले आणि तिन्ही वेळा ती मधल्या घोळक्यात हरवली. त्याला घोडं आवळून धरायची सवय. तिला आवळलं की ती पळायचं सोडून भांडायला लागायची. मेहुण्याला हे माहीत होतं, कारण रोज सकाळी सरावाला तोच तिच्यावर असायचा. तो तिला मोकळी सोडायचा आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहायचा.

"काय सांगतोस रे तिला?" मी एकदा विचारलं.

"तुमच्या बहिणीच्या तक्रारी, दादा. ऐकून घेणारं दुसरं आहे कोण?"

सतत हरणाऱ्या घोड्यावर कमी भार ठरवतात, म्हणून मोठ्या शर्यतीत घोडीच्या वाट्याला हलकं वजन आलं. जॉकी, खोगीर, सगळं धरून पन्नास किलो. नवरदेव नुसताच चौपन्न भरायचा. त्याने दुसरं घोडं धरलं. मग ट्रेनरने मेहुण्याला बोलावलं. मी घोडीचे पाय धूत होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"पन्नासला बसशील?"

"बसतो साहेब."

"आत्ता किती आहेस?"

"होईल साहेब."

"किती आहेस ते विचारलं."

"खोगिरासकट त्रेपन्न. चार दिवस आहेत."

ट्रेनर म्हणाला, "जिंकलास तर सीझनभर ही घोडी तुझी, आणि तबेल्यातली बाकीचीही. नाहीतर तू आपला सकाळच्या सरावालाच बरा."

मेहुण्याने मान डोलावली. सहा वर्षं तो याच वाक्याची वाट बघत होता.

त्या चार दिवसांत त्याने काय खाल्लं ते मी बोटांवर मोजून सांगू शकतो. दोन उकडलेली अंडी, एक सफरचंद, आणि बिनसाखरेचा चहा, तोही कपाच्या तळाशी. शेवटच्या दिवशी पाणीही बंद. शर्यतीच्या सकाळी मी त्याला न्यायला गेलो, तर तो न्हाणीघरात दार लावून बसला होता. अंगात दोन स्वेटर, त्यावर रबरी रेनकोट, आणि बादल्यांतून उकळत्या पाण्याची वाफ. दाराबाहेर बहीण मुलीला कडेवर घेऊन उभी.

"काल रात्रीपासून लघवी झाली नाही त्यांना," ती हळू आवाजात म्हणाली. "दादा, तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील."

"आजचाच दिवस आहे."

"कसला आजचाच दिवस? आज हरले तर चार दिवस तोंड पाडून बसतील. जिंकले तर हेच रोज करतील. मला तर वाटतं हरावेत."

आतून मेहुण्याचा आवाज आला. "ऐकतोय मी."

"ऐकायलाच बोलतेय," बहीण म्हणाली.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या ओठांवर पांढरे पापुद्रे आले होते. मुलीने त्याच्या नाकाला हात लावला आणि तो हसायला गेला, तर खालचा ओठ फाटला. बहिणीने पदराने रक्त टिपलं.

शर्यतीआधी काट्यावर तो बरोबर पन्नास भरला. काटेवाला म्हातारा होता, फार वर्षं तिथे. त्याने आकडा दोनदा बघितला, मग माणसाकडे बघितलं आणि शिक्का मारला. बाहेर भाव लावणाऱ्यांकडे आमची घोडी एकाला चौदा होती. माझ्या शेजारचा एक माणूस दुसऱ्याला सांगत होता, "चांगली होती रे घोडी. पण वर कुणीतरी भलताच बसलाय."

शर्यतीचं मी फार सांगत नाही. वळणापर्यंत ती नववी होती. नवरदेव सगळ्यांच्या पुढे. मला वाटलं, मेहुण्याच्या अंगात ताकदच उरली नाही. मग दिसलं की तो काहीच करत नाहीये. हात सैल, मान खाली, ओठ हलतायत. वळण संपलं आणि कठड्याकडेला एक फट पडली. घोडी आपण होऊन तीत शिरली. शेवटच्या शंभर पावलांत मी डोळे मिटले. उघडले तेव्हा माणसं एकमेकांना विचारत होती, कोण होता तो, कोण होता. मानेच्या अंतराने आम्ही जिंकलो होतो.

पण जॉकी पुन्हा काट्यावर चढेपर्यंत जिंकणं खरं नसतं. उतरल्यावर त्याने स्वतः खोगीर काढायचं आणि ते घेऊन थेट काट्याकडे चालायचं. वाटेत त्याला कुणी हात लावायचा नाही, काही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. दिलं तर शर्यत गेली. मेहुणा उतरला आणि त्याचे गुडघे वाकले. मी चार पावलांवर होतो. घोडीच्या दोरीभोवती मी मूठ आवळली आणि जागचा हललो नाही. तो खोगिरावर कपाळ टेकून उभा राहिला. मग चालायला लागला, एकेक पाऊल मोजून.

काटा उघड्यावर होता, आम्हाला दिसेल असा. मला तेव्हा अक्षरं येत नव्हती, पण आकडे येत होते. एकोणपन्नास आणि चार.

ठरल्यापेक्षा अर्धा किलो कमी भरलं तर चालतं, त्याहून कमी भरलं तर शर्यत जाते. हा सहाशे ग्रॅम कमी भरला होता. चार दिवस जे वजन अंगातून हाकललं, ते आता शंभर ग्रॅमने कमी पडत होतं. शर्यतीत होतं नव्हतं ते पाणीही घामात गेलं होतं. दुसरा आलेला नवरदेव मागेच उभा होता, आपलं खोगीर सांभाळत, आणि आकड्याकडे बघत होता.

"काही म्हणायचंय?" काटेवाल्याने विचारलं.

मेहुण्याने तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली होती. शब्द फुटेना. त्याने बोट तोंडाच्या एका कोपऱ्याला लावलं आणि दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ओढलं. पुन्हा तसंच केलं.

"पाणी मागतोय बिचारा," असं म्हणत एक शिपाई पेला घेऊन पुढे झाला.

"पाणी देऊ नका," मी ओरडलो. "लगाम मागतोय तो. लगाम."

वजन कमी भरलं तर घोड्याचा लगाम काट्यावर धरता येतो. जॉकीने मागावा लागतो, आणि काटेवाल्याने हो म्हणावं लागतं. फार थोड्यांना ठाऊक असतं, कारण वेळच क्वचित येते. म्हाताऱ्याने मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने मान हलवली.

"आणा," म्हातारा म्हणाला.

घोडी अजून तापलेली होती, कान मागे टाकून गरगर फिरत होती. मी तिच्या गळ्यात दुसरी दोरी टाकली, गालाचं बक्कल सोडायला गेलो, तर घामाने चामडं फुगलेलं. बक्कल सुटेना. पहिल्यांदा बोट सटकलं, दुसऱ्यांदा तिने माझ्या खांद्याला चावा घेतला. मी दातांनी पट्टा ओढला तेव्हा सुटला. घोडी शेजारच्या मोतद्दाराच्या हातात देऊन मी धावलो. लगाम म्हाताऱ्याच्या हातात दिला, मेहुण्याकडे बघितलंही नाही.

काटा हलला, मागे गेला, थांबला. पन्नास आणि एक.

म्हाताऱ्याने शिक्का मारला. मग त्यानेच पेला उचलून मेहुण्याच्या ओठांना लावला.

बहीण कठड्यापलीकडे उभी होती. माझ्या खांद्यातून रक्त येत होतं, तिचं लक्ष तिकडे नव्हतं.

"लगाम तू आणलास?"

"हो."

तिने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि पायीच घरी गेली.

ट्रेनरने शब्द पाळला. त्या सीझनला आणि पुढच्या दोन सीझनला तबेल्यातली हलक्या वजनाची सगळी घोडी मेहुण्याकडे आली. लोक भाव विचारायच्या आधी त्याचं नाव विचारायला लागले. पन्नास, एक्कावन्न, पुन्हा पन्नास. न्हाणीघरातला रेनकोट दोनदा फाटला, दोनदा नवा आणला.

मेहुणा त्या शर्यतीनंतर तिसऱ्या वर्षी, मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी सव्वासहाला वारला. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. वय एकतीस.